फिरतीवरचा माणूस घरी पोहोचला का? लहान स्वयंसेवी संस्थांसाठी सुरक्षेच्या तयारीची कार्यपद्धती

सह्याद्रीच्या पायथ्याशी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. जुलै महिना होता, दोन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती आणि सायंकाळचे साडेसात वाजले तरी आमची एक कार्यकर्ती परतली नव्हती. तिचा फोन लागत नव्हता. फिरतीची नोंदवही उघडली, तर तिच्या नावासमोर तिच्याच हस्ताक्षरात एकच शब्द होता : ‘फिल्ड’. कोणता पाडा, कोणता रस्ता, कोणाच्या गाडीवर, परत किती वाजता, यांपैकी काहीही वहीत नव्हते, कारण वहीत तसे रकानेच नव्हते. आम्ही चौघे तीन वेगवेगळ्या दिशांना गाड्या घेऊन भर पावसात निघालो. रात्री साडेदहाला ती एका शिक्षकांच्या दुचाकीवर मागे बसून परत आली. ओढ्याला पाणी आल्यामुळे पलीकडे अडकली होती, एवढेच घडले होते. मात्र त्या तीन तासांत एका माणसावरचा धोका आम्ही पाच माणसांवर आणून ठेवला होता.

त्या रात्री तिची चूक काहीच नव्हती. चूक संस्थेची होती आणि ती आम्हाला वर्षानुवर्षे दिसली नव्हती, कारण झोकून देऊन काम करणारा माणूस हे आपल्या क्षेत्राचे भूषण मानले जाते आणि त्या कौतुकात त्या माणसाच्या जिवाची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. सुरक्षा ही कार्यकर्त्याच्या धाडसावर सोडण्याची गोष्ट नाही, ती संस्थेने करून ठेवायची व्यवस्था आहे. २०१२ मध्ये केनियातील दादाब येथील निर्वासित छावणीत नॉर्वेजियन रिफ्युजी कौन्सिल या मदतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांचे अपहरण झाले. त्यांतील एका कर्मचाऱ्याने संस्थेवर दावा केला आणि २०१५ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने संस्थेला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरून भरपाई द्यायला लावली. उद्देश चांगला असणे हा बचाव तेथे चालला नाही. तो आपल्याकडेही आपण स्वतःसाठी वापरू नये.

पुढील मांडणी साधारण दहा ते चाळीस माणसांच्या, एखादे कार्यालय आणि कदाचित एखादे वसतिगृह चालवणाऱ्या, ग्रामीण किंवा निमशहरी महाराष्ट्रात काम करणाऱ्या संस्थेला डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

पहिली पायरी : धोके कागदावर उतरवणे

एका दुपारी सर्वांनी एकत्र बसावे. सर्वांनी म्हणजे खरोखर सर्वांनी : गाडीचा चालक, स्वयंपाक करणाऱ्या मावशी, रात्री वसतिगृहात झोपणारे अधीक्षक, हिशेब पाहणारे आणि पाड्यांवर जाणाऱ्या ताई. धोका नेमका कुठे आहे हे संचालकांपेक्षा या माणसांना जास्त ठाऊक असते. जमिनीवर मोठा तपकिरी कागद पसरून त्यावर कार्यक्षेत्राचा नकाशा हाताने काढावा. रस्ते, फरशी पूल, घाटातील दरड कोसळणारी वळणे, मोबाइलची रेंज जाते ती ठिकाणे, दारूचे गुत्ते, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस चौकी हे सगळे त्यावर आले पाहिजे. नंतर प्रत्येकाने मागील दोन वर्षांत ‘थोडक्यात वाचलो’ असे वाटलेला एक प्रसंग सांगावा. आम्ही ही बैठक घेतली, तेव्हा स्वयंपाकघरातील गॅसची नळी तीन वर्षे बदललेली नाही हे मावशींनी सांगितले, आणि एका गावी ठरावीक घरी एकटीने जायला आपल्याला भीती वाटते हे एका कार्यकर्तीने प्रथमच बोलून दाखवले. महिलांची स्वतंत्र बैठकही अवश्य घ्यावी, कारण मिश्र बैठकीत काही गोष्टी बोलल्या जात नाहीत.

कागदावर आलेल्या प्रत्येक धोक्यापुढे दोन प्रश्न लिहावेत : हे घडण्याची शक्यता किती आहे, आणि घडले तर नुकसान किती होईल? दोन्हींना एक ते पाच गुण देऊन गुणाकार करावा. आकड्यांत फार अडकू नये. त्यांचा उपयोग फक्त क्रम लावण्यापुरता आहे. वरचे सात-आठ धोके निवडून आधी त्यांच्यावरच काम करावे. ग्रामीण संस्थांच्या यादीत बहुधा दुचाकीचा अपघात सर्वांत वर येतो, दहशतवादी हल्ला नव्हे. ज्या संस्था परदेशी नमुन्यावरून जाडजूड सुरक्षा धोरण उतरवून घेतात, त्यांच्या पहिल्या पानावर मात्र नेमके उलटे दिसते.

दुसरी पायरी : एक नाव, एक अधिकार

सुरक्षेची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर लेखी असावी आणि तिच्या गैरहजेरीत ती कोणाकडे जाईल हेही लिहिलेले असावे. या व्यक्तीला एक अधिकार निःसंदिग्धपणे दिलेला हवा : फिरती थांबवण्याचा. बाहेरून पाहुणे आले आहेत, निधी देणाऱ्यांची भेट ठरली आहे, तरीही पाऊस पाहून ‘आज गाडी निघणार नाही’ असे म्हणण्याची मुभा तिला असली पाहिजे आणि तो निर्णय संचालकांनी त्या दिवशी फिरवू नये. विश्वस्त मंडळातील एका सदस्याकडे या विषयाची देखरेख द्यावी आणि मंडळाच्या प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेत तो कायमचा घालावा. विश्वस्तांना हिशेब दाखवावे लागतात म्हणून हिशेब नीट राहतात, हेच तत्त्व येथेही लागू पडते.

तिसरी पायरी : प्रवास

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा.

फिरतीच्या नोंदवहीत किमान सात रकाने असावेत : नाव, गावे कोणत्या क्रमाने, जाण्याचा रस्ता, वाहन आणि त्याचा क्रमांक, गावातील एका माणसाचा फोन क्रमांक, परतण्याची अपेक्षित वेळ आणि परत आल्याची सही. पाचवा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कार्यकर्तीचा फोन लागत नसला, तरी गावातील आशाताई, पोलीस पाटील किंवा किराणा दुकानदार यांपैकी कोणाचा तरी फोन लागतो, आणि त्या एका फोनने आमची ती रात्र वाचली असती. वही कार्यालयातच राहत असल्यामुळे दर सकाळी तिच्या पानाचा फोटो ठरलेल्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा. त्या गटावर सुविचार आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकू नयेत, हा नियम पहिल्याच दिवशी करावा, नाहीतर महत्त्वाचा संदेश त्यांत बुडून जातो.

परतण्याची वेळ टळली तर काय करायचे, हे आधीच ठरलेले हवे. आम्ही पुढे स्वीकारलेली पद्धत अशी होती. अर्धा तास उलटला की कार्यालयातील जबाबदार व्यक्ती त्या माणसाला फोन करते. एक तास उलटला की गावातील क्रमांकावर आणि वाटेतील आदल्या-पुढच्या गावातील ओळखीच्या माणसांना फोन जातात. दीड तासानंतर संचालकांना आणि घरच्यांना कळवले जाते, आणि शोधाला निघायचे झाल्यास दोन माणसे एकत्र, चारचाकीने, स्वतःची नोंद करून निघतात. दोन तासांनंतरही ठावठिकाणा नसेल, तर ११२ वर पोलिसांना कळवायचे. ‘उगाच गवगवा कशाला’ म्हणून ही पायरी लांबवायची नाही. घरच्यांना फोन कोण करणार आणि काय बोलणार हेही ठरवून ठेवावे, कारण घाबरलेल्या आवाजात चार जणांनी केलेले चार फोन घरच्या माणसांना जास्त हादरवतात.

दुचाकीबाबत सवलत देऊ नये. चालवणाऱ्याकडे पक्का परवाना, दोघांच्या डोक्यावर आयएसआय चिन्हाचे हेल्मेट आणि चालू विमा या तीन गोष्टी नसतील, तर फिरतीचा भत्ता मंजूर होणार नाही असा नियम करावा. कार्यकर्ते स्वतःचीच गाडी वापरत असले, तरी मे महिन्यात टायर आणि ब्रेक तपासण्याचा खर्च संस्थेने द्यावा. झिजलेला टायर पावसाळ्यात घाटात काय करतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या खर्चाचे समर्थन लागत नाही. अंधार पडल्यावर दुचाकीने परतायचे नाही, गावातच मुक्काम करायचा, आणि मुक्कामाचा भत्ता परतीच्या भत्त्यापेक्षा कमी ठेवायचा नाही. भत्ता कमी असला, की माणूस पैशांसाठी रात्री गाडी काढतो.

वाहत्या पाण्याचा नियम तर अक्षरशः भिंतीवर लिहावा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर ते किती आहे याचा अंदाज घेत बसायचे नाही, थांबायचे. साधारण अर्धा फूट वेगवान पाणी उभ्या माणसाचे पाय सोडवते आणि फूटभर पाणी लहान मोटार उचलू शकते. पाण्याखालचा रस्ता जागेवर आहे की खचला आहे, हे वरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह माणसे नदीत गेली. तो तर मुंबई-गोवा महामार्गावरचा पूल होता. आपल्या पाड्याकडे जाणारी मोरी त्याहून भक्कम असण्याचे कारण नाही.

अपघात झालाच, तर १०८ ला फोन करून रस्ता, गाव आणि खुणेची जागा सांगायची. रस्त्यावरच्या जखमीला मदत करायला लोक पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने कचरतात, परंतु २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील १३४-अ कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. हे कार्यकर्त्यांनाही सांगावे आणि गावांतही सांगावे.

चौथी पायरी : मुक्काम, साप आणि वीज

पाड्यावर मुक्कामाला जाणाऱ्याच्या पिशवीत बॅटरी, मच्छरदाणी, शिटी, ओआरएसची पाकिटे, स्वतःची नेहमीची औषधे आणि रक्तगट लिहिलेले कार्ड असावे. मच्छरदाणी डासांइतकीच सापांसाठीही लागते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश अनेकदा इतका सौम्य असतो, की माणूस पुन्हा झोपी जातो. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचणे, एवढ्यानेही मोठा बचाव होतो.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप आहेत. दंश झाल्यावर आवळून दोरी बांधणे, कापणे, विष तोंडाने ओढणे, मांत्रिकाकडे नेणे किंवा सापाला मारण्यात वेळ घालवणे, यांतील काहीही करू नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत, दंशाचा हात किंवा पाय काठीच्या आधाराने हाड मोडल्यासारखा स्थिर करावा, माणसाला चालू देऊ नये, दंशाची वेळ लिहून ठेवावी आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या दवाखान्यात थेट न्यावे. शेवटच्या वाक्यातच खरी तयारी आहे : आपल्या कार्यक्षेत्रातील कोणत्या केंद्रात प्रतिसर्पविष आहे आणि रात्री तेथे डॉक्टर असतात का, हे दर जूनमध्ये प्रत्यक्ष जाऊन विचारावे आणि नकाशावर लिहावे. कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. जखम लहान आहे म्हणून थांबू नये.

विजेचे म्हणाल तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले, वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप सर्वांच्या फोनवर ठेवावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर लगेच पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली चाललेली बचत गटाची बैठक अशा वेळी अर्ध्यावर मोडण्यात काहीही संकोच वाटू नये.

पाचवी पायरी : कार्यालय आणि वसतिगृह

९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बालके दगावली. जेथे स्वतः उठून बाहेर पडू न शकणारी किंवा गाढ झोपेतली माणसे असतात, तेथे आगीची तयारी वेगळ्या पातळीची लागते, आणि आपली वसतिगृहे नेमकी तशीच असतात. चोरीच्या भीतीने खिडक्यांना पक्के गज, आणि मुली बाहेर जाऊ नयेत म्हणून रात्री बाहेरून कुलूप, ही दोन्ही दृश्ये मी पाहिली आहेत. प्रत्येक झोपण्याच्या खोलीला बाहेर पडण्याचे दोन मार्ग हवेत. दुसरा दरवाजा शक्य नसेल, तर एका खिडकीचे गज बिजागरीवर बसवून आतून उघडतील असे करावेत. स्थानिक वेल्डर हे काम एका दिवसात करून देतो. बाहेरून कुलूप लावण्याची प्रथा आजच बंद करावी.

अग्निशामक नळकांडे कपाटामागे नव्हे, तर बाहेर पडण्याच्या वाटेवर टांगावे. दर महिन्याला त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहून कार्डावर सही करावी आणि वर्षातून एकदा ते तपासून घ्यावे. पिन ओढायची, नळीचे तोंड ज्वाळांकडे नव्हे तर आगीच्या बुडाकडे धरायचे, दांडा दाबायचा आणि डावीकडून उजवीकडे फिरवायचे, हे प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने केलेले असावे. आग कचऱ्याच्या टोपलीपेक्षा मोठी झाली असेल, तर विझवण्याच्या भरीस न पडता सर्वांना बाहेर काढावे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा ज्या इमारतींना लागू होतो, त्यांना जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. आपली इमारत त्यात येते का, हे स्थानिक अग्निशमन कार्यालयात विचारून घ्यावे, आणि इमारत भाड्याची असेल तर घरमालकाशी करारातच हा मुद्दा लिहून घ्यावा.

सहावी पायरी : आपल्याच छपराखालचा धोका

पाऊस, साप आणि रस्ते यांबद्दल बोलणे सोपे असते. संस्थेतील एखादा ज्येष्ठ सहकारी हाच धोका असू शकतो, हे बोलणे अवघड असते. म्हणूनच ही व्यवस्था तक्रार येण्याच्या आधी उभी राहिली पाहिजे.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे पगारी फक्त सहा जण आहेत, बाकी स्वयंसेवक’ हे म्हणणे टिकत नाही, कारण या कायद्याच्या व्याख्येत विनामोबदला आणि स्वेच्छेने काम करणारेही येतात. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला असते, कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य असतात, एक सदस्य बाहेरचा असतो, आणि निम्म्या किंवा अधिक सदस्य महिला असाव्या लागतात. बाहेरच्या सदस्याची निवड करताना संचालकांच्या मित्रमंडळींतील नाव टाळावे. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करायची असते, समितीला ती मुदत आणखी तीन महिने वाढवता येते आणि चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करावी लागते. समिती नसल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या संस्थेतील महिलेला, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असलेल्या महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. त्या समितीचा पत्ता कार्यालयात लावावा.

कायद्यातील ‘कामाचे ठिकाण’ कार्यालयाच्या भिंतींपुरते नाही. कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि संस्थेने दिलेले वाहनही त्यात येते. म्हणजे प्रशिक्षणाचे निवासी शिबिर, गाडीतील रात्रीचा प्रवास आणि पाड्यावरचा मुक्काम हे सगळे त्यात धरूनच नियम करावेत : मुक्कामाला महिला एकटी पाठवायची नाही, निवासाच्या खोलीला आतून कडी असल्याची खात्री आधी करायची, आणि एखाद्या गावी जायला तिने नकार दिला तर कारण विचारून तिची कोंडी करायची नाही.

मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्थांवर याहून कडक बंधन आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. ‘आधी आपण आतच चौकशी करू, संस्थेचे नाव खराब होईल’ हा विचार येथे बेकायदा आहे, आणि माझ्या मते त्याहून वाईट म्हणजे तो मुलाला दुसऱ्यांदा एकटे पाडणारा आहे. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नये, आरोप असलेल्या व्यक्तीला त्याच क्षणी मुलांपासून दूर करावे आणि कळवावे. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक मुलांच्या उंचीवर, त्यांना वाचता येईल असा लावावा. नव्या माणसाला, मग तो एका दिवसाचा छायाचित्रकार का असेना, मुलांबरोबर एकट्याने सोडू नये.

सातवी पायरी : धमकी आली तर

जमीन, वाळू, अवैध दारू, जातपंचायत, बालविवाह किंवा माहिती अधिकार यांवर काम करणाऱ्या संस्थेला कधी ना कधी धमकी येते. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. तिघेही सकाळी फिरायला बाहेर पडले असताना हे हल्ले झाले. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याची वेळ आणि रस्ता रोज तोच असेल, तर हल्लेखोराचे काम सोपे होते, हे अतिशय वेदनादायक वास्तव या तीन सकाळी सांगतात. धमकी आलेल्या कार्यकर्त्याने जाण्या-येण्याच्या वेळा आणि वाटा बदलाव्यात, काही काळ एकट्याने फिरू नये आणि आपण आत्ता कुठे आहोत हे समाजमाध्यमांवर टाकू नये. फोटो गावातून परतल्यावर टाकता येतात.

धमकी तोंडी असो, फोनवर असो किंवा तिसऱ्यामार्फत ‘जपून राहायला सांगा’ अशा शब्दांत आलेली असो, ती त्याच दिवशी वहीत लिहावी : तारीख, वेळ, जागा, जसेच्या तसे शब्द आणि ऐकणाऱ्या इतरांची नावे. संदेशाचा स्क्रीनशॉट घ्यावा, पण मूळ संदेशही पुसू नये. तीन-चार किरकोळ वाटलेल्या नोंदी एकाखाली एक वाचल्या, की त्यांत एक चढती रेघ दिसते. ती दिसण्यासाठीच ही वही आहे.

पोलिसांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येईल असा गुन्हा असेल तर गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तो नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यात नोंद नाकारली, तर त्याच माहितीचा लेखी अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. बहिष्काराचे प्रकरण असेल, तर सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याचा उल्लेख अर्जात करावा. धमकी एका व्यक्तीला आलेली असली, तरी अर्ज संस्थेच्या पत्रावर, विश्वस्तांच्या सहीने जावा. कार्यकर्ता एकटा नाही, हे समोरच्याला कळणे हाच एक बचाव आहे. त्याचप्रमाणे गावातील काम काही आठवडे थांबवायचे की कसे, हा निर्णय त्या कार्यकर्त्याच्या हिमतीवर न सोडता संस्थेने घ्यावा आणि तो घेताना मागे राहणाऱ्या स्थानिक माणसांचे काय होईल, याचाही विचार करावा. आपण गाडीत बसून तालुक्याला येतो, ती माणसे तेथेच राहतात.

आठवी पायरी : माहिती आणि फोन

हिंसा सोसलेल्या महिलांचे पत्ते, एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या याद्या, मुलांचे फोटो हे सगळे आपल्या कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये असते, आणि तो फोन घरी मुले खेळायला घेतात. अशा याद्यांत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावा आणि नाव-क्रमांकाची जुळणी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवावी. संस्थेच्या ईमेलला आणि बँक खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. सर्वांना ठाऊक असलेला एकच पासवर्ड बदलावा आणि काम सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि एक कार्यालयाबाहेर, असा हिशेब ठेवावा. पुरात संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील हार्ड डिस्क एकदमच भिजतात. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर पहिल्या तासातच १९३० वर कळवावे. संस्थेच्या नावाने खोटा क्यूआर कोड फिरत असल्याचे दिसले, तर नियमित देणगीदारांना स्वतःहून कळवावे, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये.

नववी पायरी : पैसा

यांतील बरेच काही विनाखर्चाचे आहे, परंतु सगळे नाही. हेल्मेट, टायर, गजांचे काम, मुक्कामाचे भत्ते आणि सर्वांचा सामूहिक अपघात विमा यांची अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ असावी. विमा परवडत नाही असे वाटत असेल, तर निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या प्रत्येक कार्यकर्त्याचे नाव असल्याची खात्री करावी. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती कवच मिळते, तरीही अनेकांच्या खात्यावर ते सुरू नसते. परदेशी निधीत, परदेशी अंशदान (विनियमन) कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर, प्रशासकीय खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे कोणता सुरक्षा खर्च कार्यक्रमाचा भाग म्हणून दाखवता येतो, हे प्रस्ताव लिहितानाच लेखापरीक्षकांशी बोलून ठरवावे. निधी देणाऱ्यांशी याविषयी मोकळेपणाने बोलावे. माझ्या अनुभवात नेमका आकडा आणि नेमके कारण दिले, की बहुतेक जण मान्य करतात. आपणच संकोचाने ती ओळ गाळतो.

दहावी पायरी : सराव, आणि घडून गेल्यानंतर

कागदावरची योजना वर्षातून किमान दोनदा प्रत्यक्ष करून पाहावी. मे महिन्यात पावसाळ्याची : एका कार्यकर्त्याने ठरवून फोन बंद ठेवावा आणि कार्यालय ठरलेली साखळी पाळते का, ते पाहावे. या सरावाची त्याच्या घरच्यांना मात्र आधी कल्पना द्यावी. दुसरा सराव वसतिगृहातील आगीचा, आणि तो रात्री, दिवे बंद करून. दिवसा दोन मिनिटांत रिकामी होणारी इमारत अंधारात किती वेळ घेते, हे घड्याळ लावून पाहावे. मुले बाहेर आल्यावर मोजण्यासाठी हजेरीपट दाराजवळच असावा.

एखादी घटना घडली, तर दोन दिवसांच्या आत शांतपणे बसून काय घडले, कोणत्या क्रमाने घडले आणि व्यवस्थेत काय नव्हते, एवढेच लिहावे. चूक कोणाची हा प्रश्न त्या बैठकीत घेऊ नये, नाहीतर पुढच्या वेळी कोणी काही सांगणार नाही. थोडक्यात टळलेल्या घटनांचीही अशीच नोंद ठेवावी. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याला पगारी रजा द्यावी आणि ‘आता कामाला लाग, बरे वाटेल’ असे म्हणू नये. अत्याचाराच्या कहाण्या रोज ऐकणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मनावरही ओझे साचते. टेलीमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक सर्वांकडे असावा आणि त्यावर बोलणे हा कमकुवतपणा नाही, हे संचालकांनी स्वतः सांगावे.

आमच्या कार्यालयात ती सात रकान्यांची वही दुसऱ्याच आठवड्यात आली. साध्या फुलस्केप वहीवर पट्टीने रेघा मारल्या होत्या. सायंकाळी सातला शेवटच्या रकान्यातील सह्या मोजण्याचे काम त्याच कार्यकर्तीने स्वतःहून मागून घेतले, आणि एखादी सही कमी असली, की ती दिवा मालवत नसे.